खारवट रानात टोमॅटो: लावायचा की थांबायचं?

लागवडीचा हंगाम जवळ आला की वाचकांचे ठरावीक प्रश्न सुरू होतात. "विहिरीचं पाणी मचूळ आहे, टोमॅटो येईल का?" "रान पांढरं पडतंय, एकरी जिप्सम किती टाकू?" "पानांच्या कडा करपतात, कोणती फवारणी घेऊ?" तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. माती आणि पाण्याचा आकडा हातात नसतानाच उपाय शोधला जातो. टोमॅटो ठरावीक मर्यादेपर्यंत क्षार सोसतो. त्यापुढे त्याचं उत्पन्न पायरीपायरीनं घटतं. ती मर्यादा कुठे आहे हे मोजता येतं, आणि एकदा मोजलं की लावायचा की थांबायचं याचा निर्णय तुमचा तुम्हाला करता येतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न मोठ्या पट्ट्याचा आहे. सांगली-कोल्हापूरचा कृष्णा-वारणाकाठ, बारामती-इंदापूर आणि राहुरी-श्रीरामपूर-कोपरगावचा कालव्याखालचा भाग इथे वर्षानुवर्षांच्या पाटपाण्यानं जमिनी खारावल्या. नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी १९१० मध्येच पुस्तिका लिहिली होती. अमरावती, अकोला, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात भूजलच मुळात खारं आहे. कोकणात खाडीकाठच्या विहिरी मार्च उजाडला की मचूळ होतात. ठिकाणाप्रमाणे कारण वेगळं आहे, त्यामुळे उपायही वेगळा आहे.

क्षार टोमॅटोला नेमका कुठे त्रास देतात?

निर्णयासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरेशा आहेत.

१. ओल असूनही तहान. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते पाणी ओढायला जास्त जोर लावावा लागतो. वाफा ओला दिसतो आणि झाड दुपारी मान टाकतं. हा परिणाम लगेच दिसतो.

२. पानांत साठणारं विष. सोडियम आणि क्लोराइड पाण्याबरोबर वर चढतात आणि जुन्या पानांत साठत जातात. हा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

३. अन्नद्रव्यांची अडवणूक. सोडियम वाढला की पालाश आणि कॅल्शियम उचलण्यात अडथळा येतो. फळाच्या बुडाला पडणारा काळा, चामड्यासारखा डाग, म्हणजे ब्लॉसम एंड रॉट, बऱ्याचदा इथूनच येतो.

झाड याला तोंडही देतं. मुळं काही सोडियम अडवून धरतात, आत शिरलेला सोडियम पेशींच्या पोकळीत कोंडला जातो, आणि पाणी धरून ठेवण्यासाठी झाड प्रोलिनसारखे पदार्थ तयार करतं. या सगळ्याला ताकद लागते. ती वाढीतून आणि फळाच्या आकारातून वजा होते. म्हणून मध्यम खारेपणात टोमॅटो मरत नाही. झाड ठेंगणं राहतं आणि फळं बारीक होतात.

आधी ओळख पटवा: हा क्षारांचाच त्रास आहे का?

खालच्या बाजूचं एक जुनं पान तोडून हातात घ्या. क्षारांचा त्रास असेल तर करपा पानाच्या टोकाकडून आणि कडेनं आत सरकलेला दिसतो. कड कोरडी, तपकिरी आणि ठिसूळ असते, तर मधल्या शिरेजवळचा भाग बराच वेळ हिरवा राहतो. वरची नवी पानं लहान, जाडसर आणि काळपट हिरवी असतात. मग प्लॉटभर फिरा आणि पुढच्या खुणा तपासा.

- क्षारांचा त्रास: तो चट्ट्याचट्ट्यांनी असतो. सखल भाग, बांधालगतची पट्टी किंवा लॅटरलचं शेवटचं टोक इथे झाडं जास्त खुजी दिसतात. पाणी सुकल्यावर मातीवर पांढरी किंवा तेलकट काळपट खपली येते.
- पर्णगुच्छ विषाणू: सुरुवात शेंड्याच्या नव्या पानांपासून होते. पानं वर वळतात, पिवळी पडतात. झाडं विखुरलेली असतात आणि पानाखाली पांढरी माशी सापडते.
- जिवाणूजन्य मर: हिरवंगार झाड अचानक कोमेजतं. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरला की दुधट धागा खाली उतरताना दिसतो.
- कॅल्शियमची कमतरता: फळाच्या बुडाला डाग आहे, पण पानं निरोगी आहेत. अशा वेळी पाणी देण्यातली अनियमितता आधी तपासा.

ओळख चुकली की बुरशीनाशकांवर पैसे जातात आणि क्षार जागच्या जागी राहतात.

तपासणी कशी करावी?

मातीचा नमुना:

- चांगला भाग आणि खराब भाग यांचे नमुने वेगवेगळे घ्या. एकत्र मिसळले तर सरासरी येते, आणि ती दोन्हीपैकी कोणत्याच भागाला लागू पडत नाही.
- ०–१५, १५–३० आणि ३०–६० सें.मी. असे तीन थर वेगळे घ्या. क्षार वर आहेत की खालून चढत आहेत, हे त्यावरून कळतं.
- नमुना पावसाळ्यापूर्वी, रान कोरडं असताना घ्या. खताच्या रिकाम्या गोणीत भरू नका.
- सामू आणि विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, तर हवीच. शिवाय विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण, मुक्त चुनखडी आणि गरज पडल्यास जिप्समची गरजही काढून मागा.

पाण्याचा नमुना:

- मोटार पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून मग स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत लिटरभर पाणी घ्या.
- ईसी, सामू, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, कार्बोनेट आणि बायकार्बोनेट तपासून घ्या.
- एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात तपासा. दोन्ही आकड्यांत मोठा फरक पडू शकतो.

अहवालातल्या तीन फसव्या जागा

१. एककं. डेसीसायमन प्रति मीटर, मिलीसायमन प्रति सें.मी. आणि जुनं मिलीमोज प्रति सें.मी. हे तिन्ही आकडे सारखेच. मात्र मायक्रोसायमन प्रति सें.मी. असेल तर हजारानं भागा. १,७०० मायक्रोसायमन म्हणजे १.७.

२. टीडीएस मीटर. पाण्याचा ईसी १ असेल तर त्यात लिटरला साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात असं धरतात. पण खिशातले मीटर वेगवेगळे गुणक वापरून टीडीएस दाखवतात. मीटरवर ईसी दाखवण्याची सोय असेल तर ईसीच वाचा.

३. मातीचा ईसी काढण्याची पद्धत. सर्वात मोठी फसगत इथे होते. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी मिसळून ईसी काढतात. पिकांच्या सोसण्याचे जगभरचे तक्ते मात्र संपृक्त मातीच्या अर्कावर बेतलेले असतात, आणि तो ईसी मातीच्या पोताप्रमाणे साधारण दोन ते चार पट जास्त येतो. अहवालात १.२ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. संपृक्त अर्कात तोच आकडा ३ च्या आसपास असू शकतो. "ईसी कोणत्या पद्धतीनं काढला?" हा प्रश्न प्रयोगशाळेला विचाराच.

टोमॅटो किती सोसतो?

टोमॅटो मध्यम संवेदनशील पिकांत मोडतो. संपृक्त अर्काचा ईसी २.५ असेपर्यंत उत्पन्नात घट होत नाही. त्यापुढे प्रत्येक १ डेसीसायमनला साधारण १० टक्के उत्पन्न घटतं. खालचे आकडे अन्न व कृषी संघटनेच्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेतले आहेत. जमिनीला निचरा आहे आणि पिकाच्या गरजेपेक्षा थोडं जास्त पाणी देऊन क्षार खाली ढकलले जातात, असं त्यात गृहीत आहे.

- मातीचा ईसी २.५, पाण्याचा १.७: पूर्ण उत्पन्न
- मातीचा ईसी ३.५, पाण्याचा २.३: सुमारे १० टक्के घट
- मातीचा ईसी ५, पाण्याचा ३.४: सुमारे २५ टक्के घट
- मातीचा ईसी ७.६, पाण्याचा ५: सुमारे ५० टक्के घट

तुलनेसाठी: कांदा सुमारे १.२ पर्यंत, मिरची १.५ पर्यंत आणि घेवडा १ पर्यंतच टिकतात, म्हणजे ही पिकं टोमॅटोहून नाजूक आहेत. बीट ४ पर्यंत, गहू ६ पर्यंत आणि कापूस ७.७ पर्यंत घट न होता येतो.

हे आकडे वाढलेल्या झाडांचे आहेत. उगवण आणि रोपावस्था याहून बरीच हळवी असते. म्हणून जे पाणी फळावर आलेल्या झाडाला चालतं, ते रोपवाटिकेत चालेलच असं नाही.

जमीन खारवट की चोपण?

जिप्समचा निर्णय याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो. अहवाल असा वाचा:

- खारवट: संपृक्त अर्काचा ईसी ४ च्या वर, सामू ८.५ च्या आत, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या आत. वर पांढरा थर येतो, पण माती भुसभुशीत राहते.
- चोपण: ईसी ४ च्या आत, सामू ८.५ च्या वर, सोडियम १५ टक्क्यांच्या वर. माती ओली असताना चिकट, वाळल्यावर दगडासारखी. पाणी वरच तुंबतं.
- खारवट-चोपण: ईसी ४ च्या वर आणि सोडियमही १५ टक्क्यांच्या वर.

काळ्या चिकण मातीत सोडियम १५ टक्क्यांवर जाण्याआधीच निचरा बिघडू लागतो, हेही ध्यानात ठेवा.

अहवाल येईपर्यंत घरी एक साधी चाचणी करता येते. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. वाळलेल्या मातीचं हरभऱ्याएवढं ढेकूळ त्यात अलगद सोडा आणि न हलवता काही तास तसंच ठेवा. ढेकूळ नुसतं विस्कटून तळाशी बसलं आणि पाणी स्वच्छ राहिलं तर सोडियमचा त्रास बहुधा नाही. ढेकळाभोवती दुधट वलय पसरत जाऊन पाणी गढूळ झालं तर माती चोपण असण्याची शक्यता मोठी. माती खूप खारट असेल तर सोडियम असूनही पाणी स्वच्छ राहू शकतं, म्हणून ही चाचणी अहवालाची जागा घेऊ शकत नाही.

उपाय वेगवेगळे आहेत:

- खारवट जमिनीला निचरा आणि गोडं पाणी लागतं. ३० सें.मी. खोलीच्या मातीतून ३० सें.मी. पाणी खाली गेलं तर त्या थरातले ७० ते ८० टक्के विद्राव्य क्षार धुतले जातात. इथे जिप्सम टाकून काही साधत नाही, खर्च मात्र होतो.
- चोपण जमिनीला आधी कॅल्शियम लागतं. जिप्सम तपासणीत निघालेल्या गरजेप्रमाणे टाका, वरच्या १०–१५ सें.मी. थरात मिसळा आणि मग पाणी देऊन सुटा झालेला सोडियम खाली घालवा. चुनखडीयुक्त जमिनीत गंधकही चालतं, पण जिवाणूंमार्फत त्याचं आम्ल होईपर्यंत थांबावं लागतं. जोडीला मळीचं कंपोस्ट, शेणखत आणि ढैंच्याचं हिरवळीचं खत द्या. ढैंचा खाऱ्या-चोपण रानातही तग धरतो.
- खारवट-चोपण जमिनीत क्रम चुकवू नका. आधी जिप्सम, मग धुणं. नुसत्या गोड्या पाण्यानं धुतली तर क्षार जातात, सोडियम राहतो आणि जमीन अधिकच चोपण होते.

निचऱ्याशिवाय यातला एकही उपाय टिकत नाही. पाण्याची पातळी मुळांपर्यंत चढलेली असेल तर वरून घातलेलं पाणी ती आणखी वर आणतं. उघडे चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाईप हाच पक्का मार्ग. एकट्यानं पाईप टाकले तर पाणी सोडायचं कुठे, हा प्रश्न उभा राहतो. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी गट करून, साखर कारखान्याच्या पुढाकारानं हे काम मोठ्या क्षेत्रावर केलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचा याच विषयावर अभ्यास आहे. आराखडा काढण्याआधी तिथे सल्ला घ्या.

तुमच्यापुढचे चार पर्याय

१. नेहमीप्रमाणे लावा. मातीचा ईसी २.५ च्या आत, पाण्याचा १.७ च्या आत आणि निचरा चांगला.

२. काळजी घेऊन लावा. मातीचा ईसी २.५ ते ४, पाण्याचा २.५ पर्यंत, आणि निचरा आहे. उत्पन्न थोडं कमी धरूनच खर्चाचा हिशेब मांडा.

३. एक-दोन हंगाम थांबा. मातीचा ईसी ४ च्या वर किंवा जमीन चोपण. आधी ढैंचा, जिप्सम, चर यांवर खर्च करा. दरम्यान क्षार सोसणारं पीक घ्या.

४. या रानात टोमॅटो नकोच. पाण्याचा ईसी ३.५ च्या वर, गोड्या पाण्याची जोड नाही, निचराही नाही. बांबू, तार, मल्चिंग, मजुरी मिळून टोमॅटोचं भांडवल मोठं असतं. ते इथे गुंतवू नका.

"खाऱ्या पाण्यावर टोमॅटो गोड होतो," असंही तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे. सिसिलीतल्या पाकिनोचा टोमॅटो आणि इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातला टोमॅटो यासाठीच ओळखले जातात. फळात पाणी कमी शिरतं, त्यामुळे साखर दाट होते. पण फळ लहान होतं आणि वजन घटतं. नारायणगाव असो की पिंपळगाव, आपल्या बाजारात क्रेटचा भाव आकार, रंग आणि टिकाऊपणावर ठरतो. गोडीला वेगळा दर देणारा ग्राहक आधी पक्का झाला असेल तरच या वाटेला जा.

लावायचं ठरलं तर असं करा

हंगाम. पाणी मचूळ असेल तर उन्हाळी लागवड टाळा. ऊन आणि कोरडी हवा वाढली की त्याच ईसीचं पाणी जास्त नुकसान करतं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात किंवा थंडीच्या तोंडावर लागवड करा. वरच्या थरातले क्षार पावसानं धुतलेले असतात. कोकणात भात निघाल्याबरोबर, विहीर मचूळ होण्याआधी पीक हाती येईल असं गणित ठेवा.

रोपं. रोपवाटिकेला गोडंच पाणी द्या, मग ते टँकरचं असो की साठवलेल्या पावसाचं. थोडंच लागतं. कच्च्या कोकोपीटमध्ये क्षार बरेच असू शकतात. ते दोन-तीनदा धुऊन, निथळलेल्या पाण्याचा ईसी मोजून मगच ट्रे भरा. कोवळी रोपं नेऊ नका. मुळांचा गड्डा भरलेली, दणकट रोपं लावा.

वाण. "क्षार सहनशील" म्हणून सर्रास विश्वास ठेवावा असा वाण सुचवण्याऐवजी इतकंच सांगतो: शेजारच्या खाऱ्या रानात काय टिकलं ते पाहा आणि नव्या वाणाच्या दोनच ओळी लावून बघा. लहान फळांच्या वाणांत फळाचा आकार तुलनेनं कमी घटतो. कलमी रोपं घेणार असाल तर खुंट कोणता आणि तो क्षारांसाठी तपासलेला आहे का, हे विचारा. मरीला दाद न देणारा खुंट क्षारही सोसेलच असं नाही.

गादीवाफा. सरीनं पाणी देत असाल तर क्षार वरंब्याच्या माथ्यावर आणि मध्यावर गोळा होतात. रोप माथ्यावर लावू नका, बगलेत लावा. ठिबक असेल तर रोप ड्रिपरच्या जवळ हवं.

ठिबक. सकाळी एखाद्या ड्रिपरखालची जागा नीट पाहा. मधोमध ओला, गडद गोल, आणि त्याच्या कडेला पांढुरकं कडं. पाणी क्षारांना कडेकडे ढकलतं आणि तिथे वाळतं. मुळं त्या गोलाच्या आत राहतील तोवर पीक सुखरूप आहे. म्हणून:

- पाणी थोडं थोडं पण वारंवार द्या. गोल सुकू देऊ नका.
- पिकाच्या गरजेपेक्षा साधारण १५ ते २० टक्के पाणी जास्त द्या, म्हणजे क्षार मुळांखाली जातील. ठिबक तासभर लागत असेल तर दहा-बारा मिनिटं अधिक चालवा. निचरा नसेल तर हे करू नका.
- तुषार सिंचन नको. खारं पाणी पानांवरूनही शोषलं जातं आणि पानं करपतात.
- हलका पाऊस सुरू झाला की ठिबक बंद करू नका. या चुकीनं बरीच झाडं जातात. पाच-दहा मिलिमीटर पाऊस कडेचं पांढरं कडं विरघळवून थेट मुळांकडे आणतो. एकूण साधारण ५० मि.मी. पाऊस होईपर्यंत ठिबक चालू ठेवा.

आच्छादन. मल्चिंग पेपर किंवा उसाच्या पाचटाचा थर घाला. बाष्पीभवन घटलं की क्षार वर चढण्याचं प्रमाणही घटतं.

गोडं-खारं पाणी एकत्र वापरणं. दोन पद्धती आहेत. मिसळायचं तर साधी सरासरी काढा: विहिरीचा ईसी ३ आणि कालव्याचा ०.४, दोन्ही निम्मं-निम्मं घेतलं तर १.७. किंवा आलटून-पालटून द्या: लागवडीपासून फुलकळी येईपर्यंत गोडं, फळं धरल्यावर खारं. गोडं पाणी थोडंच असेल तर दुसरी पद्धत धरा, कारण झाडाच्या सर्वांत हळव्या काळात ते कामी येतं.

खतांचा हात आवरा

विद्राव्य रासायनिक खत हा शेवटी क्षारच. झाड खुजं दिसलं म्हणून डोस वाढवला तर त्रासात भर पडते.

- पांढरं पोटॅश टाळा, त्यात क्लोराइड आहे. त्याऐवजी ०:०:५० किंवा १३:०:४५ वापरा.
- कॅल्शियम नायट्रेट उपयोगी आहे, पण सल्फेट किंवा फॉस्फेटयुक्त खतासोबत एकाच टाकीत मिसळू नका. साका बसून ड्रिपर बंद पडतात.
- चोपण जमिनीत अमोनियम सल्फेट युरियापेक्षा बरं.
- जास्त सामूच्या जमिनीत लोह आणि जस्त अडकतं. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाचा चिलेट ईडीडीएचए प्रकारचा घ्या. ईडीटीए प्रकारातलं लोह अशा जमिनीत टिकत नाही.
- हप्ते लहान करा. खतयुक्त पाणी ड्रिपरमधून बाहेर पडताना त्याचा ईसी एकदा मोजा. विहिरीचं पाणी १.७ असेल तर खतानं तो कितीवर जातो, ते कळायलाच हवं.
- बुडाच्या डागासाठी पानांवर कॅल्शियम फवारून थांबू नका. पानांत गेलेलं कॅल्शियम फळात उतरत नाही. पाण्याची नियमितता आणि क्षारांचं प्रमाण आधी सुधारा.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका

- अहवाल न काढता "एकरी अमुक गोणी" जिप्सम टाकणं.
- वरचा पांढरा थर खरवडून बांधावर टाकणं. पुढच्या पावसात तो परत रानात येतो.
- झाड कोमेजलं म्हणून तुंबलेल्या रानात आणखी पाणी सोडणं.
- पाण्याचा फक्त ईसी बघणं. ईसी कमी आणि बायकार्बोनेट जास्त असलेलं पाणी जमीन हळूहळू चोपण करतं. अहवालात आरएससी, म्हणजे उर्वरित सोडियम कार्बोनेट, २.५ च्या वर असेल तर ते पाणी तसंच वापरू नका. ते जिप्समच्या थरातून किंवा पोत्यांवरून सोडण्याची पद्धत आहे, त्याबद्दल कृषी विज्ञान केंद्रात विचारा.
- ड्रिपर साफ करायला आम्ल वापरताना आम्लात पाणी ओतणं. नेहमी पाण्यात आम्ल हळूहळू सोडा. हातमोजे आणि चष्मा घाला.

गच्चीवर, बाल्कनीत टोमॅटो लावणाऱ्यांसाठी

शहरातल्या वाचकांची तक्रार वेगळी असली तरी कारण तेच असतं.

- घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा खारं असतं. ते थेट कुंडीत रोज घालू नका. मोजा, आणि साध्या पाण्यात मिसळून द्या.
- सोसायटीत मिठावर चालणारा सॉफ्टनर असेल तर त्या पाण्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेला असतो. साबणाला फेस चांगला येतो, कुंडीतल्या मातीचं मात्र नुकसान होतं. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी मिळतं का, पाहा.
- कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी सावकाश ओतून ते तळाच्या छिद्रातून वाहून जाऊ द्या. तळाची ताटली लगेच रिकामी करा, नाहीतर तेच क्षार परत वर चढतात.

तुमचे हक्क आणि कागदपत्रं

- मृदा आरोग्य पत्रिका ही केंद्राची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिका मोफत मिळते आणि तिच्यात सामू व ईसी दोन्ही असतात. पण बागायती भागात अडीच हेक्टरच्या चौकटीमागे एक नमुना घेण्याची पद्धत ठेवली गेली. तुमच्या खराब कोपऱ्याचं चित्र त्यात असेलच असं नाही. विनिमययोग्य सोडियमही त्यात नसतो. तो वेगळा तपासून घ्या.
- पावती मागा. खत विकणाऱ्यानं बिल देणं खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार बंधनकारक आहे. ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क यांसारखी जैव-उत्तेजकं २०२१ पासून याच आदेशाखाली आली आहेत. "आठ दिवसांत क्षार मारतो" म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर नीट लेबल नसेल, बिल मिळत नसेल, तर घेऊ नका.
- रोपं-बियाण्यांचा दावा लेखी घ्या. विक्रेता "क्षार सहनशील" म्हणत असेल तर ते बिलावर किंवा माहितीपत्रकात असू द्या. पाकीट, लेबल, थोडं बियाणं आणि पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.
- तक्रार. बियाण्यात दोष वाटला तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पीक उभं असतानाच तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीची पाहणी मागा. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे. त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. मुदत दोन वर्षांची आहे, आणि खरेदीसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मात्र तुमचं पाणीच मर्यादेबाहेर खारं असेल तर बियाण्याला दोष देता येणार नाही. लागवडीपूर्वीचा अहवाल इथेही कामाला येतो.
- कालव्याची गळती होऊन रान खारावत असेल तर पाटबंधारे विभागाच्या उपविभागीय कार्यालयात गटानं लेखी अर्ज करा. गट क्रमांक, फोटो आणि मातीचे अहवाल जोडा, पोच घ्या.

लागवडीआधी या क्रमानं जा

१. माती आणि पाणी दोन्ही तपासायला द्या. पद्धत विचारून अहवालावर लिहून घ्या.
२. जमीन खारवट, चोपण की दोन्ही, ते ठरवा.
३. आकडे चार पर्यायांत बसवून बघा. घट धरूनही खर्च निघतो का, ते कागदावर मांडा.
४. लावायचं ठरलं तर रोपवाटिकेसाठी गोडं पाणी आधी राखून ठेवा.
५. थांबायचं ठरलं तर शेजाऱ्यांशी निचऱ्याचं बोलणं याच उन्हाळ्यात सुरू करा.

चौथा पर्याय आला म्हणून खचून जाऊ नका. निचरा आणि सेंद्रिय पदार्थ यांवर दोन-तीन हंगाम सातत्यानं काम केलं तर बरीचशी खारवट रानं पुन्हा पिकाखाली येतात. तोवर टोमॅटोत अडकणारं भांडवल तुमच्या हाती शिल्लक राहतं, आणि तेच जमीन सुधारायला उपयोगी पडतं. एका तपासणीच्या खर्चात हा निर्णय होतो, म्हणून आगाऊ रोपं सांगण्याच्या आधी तपासणी करून घ्या.